दुपारी बंद पडणारा फोन

रीडिंगवाले मामू मीटर बघून घरातली बातमी सांगायचे. भिंतीवरच्या त्या काळ्या डबीत डोकावायचे, आकडा बघून क्षणभर थांबायचे आणि मग विचारायचे, "सून माहेरी गेली व्हय? टीव्ही बंद हाय वाटतं." शेजारच्या काकू चिडायच्या. "मामू, मीटर वाचताय का आमची पत्रिका?" मामू हसून पुढच्या घराकडे वळायचे. पण दहापैकी आठ वेळा सून खरोखर माहेरीच गेलेली असायची.

तेर गावाच्या अलीकडं आमची वस्ती आहे. वीजबिलाचं रीडिंग घ्यायचं काम एका ठेकेदाराकडे होतं आणि मामू त्या ठेकेदाराचे माणूस. धाराशिवहून मोटारसायकलवर सकाळी लवकर यायचे. घरं उघडी असतानाच मीटर बघायला मिळतात, म्हणून बारा-साडेबारापर्यंत दिवसभराचं काम उरकून टाकायचे. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. लहानथोर सगळे मामूच म्हणायचे. माझ्या आईला ते आक्का म्हणायचे आणि आईसुद्धा त्यांना मामूच म्हणायची.

मी बारावीला असताना एकदा ते आमच्या मीटरसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. आमच्याकडे एक बल्ब आणि एक पंखा, त्यामुळे आकड्यात फरक पडायचं काही कारण नव्हतं.

"आक्का, पोरगं अभ्यास करतंय का पहाटं?"

"करतंय बाबा. बल्ब जाळतंय नुस्ता."

"जाळू द्या. पुढचं फारम भरलं का त्याचं?"

आईला फॉर्म म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, वडील धाराशिवच्या अडतीवर पोती उचलायचे. मलाही तेव्हा एवढंच कळायचं की मार्क पडले की कुणीतरी आपोआप बोलावून घेतं. मामू म्हणाले, "कुणी बोलवत न्हाय बेटा. उद्या दुपारी तेरला गिरणीपाशी ये. दहावीच्या मार्कांचा कागद आन रेशनकार्ड घेऊन ये."

तेरमध्ये एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर मामू रोज दुपारी एक ते तीन बसायचे. समोर पत्र्याची पेटी, तिच्यात गोंद, टाचण्या, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि कोऱ्या फॉर्मांच्या झेरॉक्स. भोवती बहुतेक बायकाच असायच्या. कुणाची विधवा पेन्शन अडलेली, कुणाच्या पोरीचा जातीचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती. मामू उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी लिहिताना त्यांचा हात सावकाश चालायचा, पण अक्षर छापल्यासारखं. आधी कागदावर सगळं लिहून द्यायचे, कागदपत्रं लावून टाचायचे आणि मग त्या बाईला सेतू केंद्रावर पाठवायचे. त्यांनी लावलेला गठ्ठा सहसा परत येत नसे. ह्या कामाचं ते काही घेत नसत. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या तर ओट्यावरच सगळ्यांना वाटून टाकायचे.

"रकाना कोरा सोडायचा न्हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "जिथं आपलं काय न्हाय तिथं 'लागू नाही' लिहायचं. कोऱ्या रकान्यात साहेब बोट घालतो." माझ्या फॉर्मात वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण, स्थावर मालमत्ता या रकान्यांत त्यांनी माझ्याकडून तीन वेळा 'लागू नाही' लिहून घेतलं. मला लाज वाटत होती. ते म्हणाले, "लाजतोस काय? तुझ्या पोराच्या फारमात हे रकाने भरलेले असतील." त्या एका फॉर्मवर मला वसतिगृह मिळालं आणि पुढं इलेक्ट्रिकलची पदवी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

मी शिकून परत येईपर्यंत रीडिंगचं काम फोनवर गेलं होतं. मीटरचा फोटो ॲपमध्ये काढायचा, जागेची नोंद आपोआप व्हायची, आणि माणूस दिवसभर कुठं कुठं फिरला हे धाराशिवला बसलेल्या सुपरवायझरला नकाशावर दिसायचं. मामूंचा फोन मात्र जुना. पिन घालायची जागा सैल झालेली, पिन वाकडी करून धरली तरच चार्ज व्हायचा. रोज साडेबारा-एकला बंद पडायचा आणि संध्याकाळी घरी गेल्यावर चालू व्हायचा. सुपरवायझर कुरकुर करायचा. मामूंचं उत्तर ठरलेलं, "कंपनीचा फोन द्या, मग बोला." कंपनी फोन देत नव्हती, आणि काम तर तोवर पूर्ण झालेलं असायचं, त्यामुळे बोलणं तिथंच थांबायचं.

मला धाराशिवच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत शिकवायची नोकरी लागली. पहिल्या पगारात मामूंसाठी काहीतरी करायचं हे मी वसतिगृहात असल्यापासून ठरवलेलं होतं. एवढा कामाचा माणूस आणि फोनची पिन बोटांनी दाबून बसतो, हे मला बघवत नव्हतं. वायरविना चार्ज होणारा फोन घेतला आणि मोटारसायकलच्या हँडलवर बसणारा वायरलेस चार्जर घेतला. एका रविवारी मामूंच्या अंगणात जाऊन बसलो.

मामू गाडीभोवती फिरत राहिले. "कशाला बेटा? जुना हाय ते बरं हाय."

"मामू, पिन घालायची कटकटच नाही. नुसता ठेवायचा."

"पाऊस लागंल."

"पाणी न शिरणाराच आणलाय."

"गाडीची बॅटरी उतरंल."

"चावीनंतरच्या लाईनवर जोडतोय. गाडी बंद तर चार्जर बंद."

मग हँडलवरच्या चार्जरला बोट लावून ते म्हणाले, "मधी एखादं बटन ठेव. बंद करायचं."

मी हसलो. म्हटलं, मामू, बटन कशाला लागतंय त्याला? आणि शिकलेल्या माणसाच्या उत्साहात त्यांना फ्यूज दाखवला, रबरी बुश दाखवले. हँडल थरथरतं, बुश नसले तर फोनचा कॅमेरा बिघडतो, हे समजावून सांगितलं. दर सांधा टेपनं गुंडाळला, वायर टाकीखालून नेली, कुठं घासणार नाही हे दोनदा बघितलं. तीन तास लागले. माझ्या कामात एकही चूक नव्हती. आजही ती गाडी कुणी उघडून बघितली तर चूक सापडणार नाही.

त्यानंतर मी माझ्या कामात अडकलो. तीन-चार महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी मी घरी असताना आमच्या मीटरचा फोटो काढायला दुसराच माणूस आला. त्यानं फोन वर धरला, फोटो काढला आणि गेला. आईशी एक शब्द बोलला नाही. मी तसाच तेरला गेलो. गिरणीचा ओटा रिकामा होता. समोरच्या घरातल्या गंगाबाईंनी मला ओळखलं. त्यांच्या मुलीचे नर्सिंगचा आणि वसतिगृहाचा, दोन्ही फॉर्म मामूंनीच भरलेले. जे झालं ते त्यांनीच सांगितलं.

नवा फोन बंदच पडेना. पहिल्या आठवड्यातच सुपरवायझरला दिसलं की हा माणूस रोज दोन तास एकाच जागी थांबतो. "तिथं काय दुकान टाकलंय काय?" असं त्यानं विचारलं. काम झालेलं असतं, असं मामूंनी सांगितलं. काम झालं तर पुढचं गाव घ्या, असं उत्तर आलं. मामूंनी दोन दिवस फोन हातानं बंद करून पाहिला. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "आता नवा फोन हाय, गाडीवर चार्जर हाय. आता कशानं बंद पडतोय?" पिन सैल आहे, हे उत्तर आता चालणार नव्हतं. ते उत्तर मीच काढून घेतलं होतं.

मग ते पंधरा मिनिटं बसायचे, गाडी काढून दोन गल्ल्या फिरून यायचे, परत पंधरा मिनिटं बसायचे. बायका ताटकळायच्या. फॉर्म अर्धे राहायचे. पुढं त्यांना सांगितलं गेलं की पुन्हा एकदा असं दिसलं तर काम गेलं. मामूंनी ओटा सोडला. तीन आठवडे आलेच नाहीत.

"माझ्या पोरीच्या वसतिगृहाची शेवटची तारीख हुती," गंगाबाई म्हणाल्या. "म्या रस्त्यावर उभी राहून गाडी अडवली. मामूनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणले, चला. एक वाजता बसले ते चार वाजता उठले. फोन गाडीवर वाजत हुता सारखा. म्या म्हणलं, मामू, फोन. म्हणले, वाजू द्या. आन माझ्या पोरीला म्हणले, रकाना कोरा सोडू नगंस."

फॉर्म वेळेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामूंचा ॲपमधला नंबर बंद झालेला होता.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात बसून कांदे निवडत होते.

"मामू, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं हुतं?"

"की फोन बंद पडतो तेच बरं आहे म्हणून."

"तू तीन तास वायरी जोडीत बसला हुतास. तुला कसं सांगू?"

मामी आतून बोलल्या, "मी म्हणलं हुतं ह्यांना, पोराला बोलवा, सगळं उलटं काढाया लावा. तर म्हणे पोराचं मन मोडवत न्हाय. आता बसा मन धरून." त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मामू म्हणाले, "तुझ्या कामात खोट न्हाय बेटा. लई चांगलं बसवलंस." ते मनापासून म्हणाले होते. टोमणा असता तर मला सोसला असता.

ते सोलापूरला लेकीकडं गेले. तिथं एका मोठ्या इमारतीच्या गेटवर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितात. फोनवर म्हणाले, "रकाने मोठे हायत हितं. भरायला मजा येती." मोटारसायकल जाण्याआधीच विकली. घेणाऱ्यानं गाडीपेक्षा चार्जरचंच कौतुक जास्त केलं, असं मामींनी सांगितलं.

मी आता रविवारी तेरला जाऊन गिरणीच्या ओट्यावर बसतो. गोंद, टाचण्या, शाईचा पॅड, सगळं घेऊन जातो. पहिल्या रविवारी पाच जणी आल्या, दुसऱ्या रविवारी दोन, आणि गेल्या दोन रविवारी कुणीच नाही. शेवटी मी गंगाबाईंनाच विचारलं, माझं काही चुकतंय का?

"चुकत न्हाय सर," त्या म्हणाल्या. "पर ऐतवारी घरात माणसं असत्यात. नवरा, सासरा. त्यांच्यासमोरून कागदं घेऊन कोण येणार? दुपारचं येत जावा की. मंगळवार, बुधवार. मामू येत हुते तसं."

मी त्यांना सांगितलं, दुपारी मला जमत नाही. आमच्या संस्थेत दोन वाजता फोनवर हजेरी लागते, आणि फोन कुठं आहे ते वरच्या साहेबांना दिसतं.