साडीत बांधलेली भेट

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी सुधा वारली. दोन महिन्यांनी आमची नात मुक्ता पाच वर्षांची झाली. मुक्ता बोलत नाही, आणि कागदाची चुरचुर तिला सोसत नाही. तिची भेट सुधाच निवडायची, दुकानात डोळे मिटून खेळण्यांवरून हात फिरवत. "काकू, भेंडी निवडताय का?" दुकानदार चिडवायचा.

मी पुस्तकांतला माणूस. चित्रांचं पुस्तक घेतलं आणि चकचकीत कागदात बांधून नेलं. लेकीने दारातच अडवलं. "बाबा, कागद कशाला? आई जुन्या साडीत बांधायची ना! लक्ष कुठे असायचं तुमचं?"

खरंच, कुठे होतं? घरी परतून कपाटातली सुधाची मऊ, विटकी सुती साडी काढली आणि पुस्तक तिच्यात बांधून पुन्हा लेकीकडे गेलो.

मुक्ताने गाठ सोडली. पुस्तक बाजूला सारलं, साडी गालाशी धरली आणि बराच वेळ तशीच बसली. मग साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. भेट म्हणजे आतली वस्तू, असं मी जन्मभर समजत आलो होतो. या मुलीचे माझ्यावर उपकार आहेत.

पुस्तक माझ्या टेबलावर परत आलं आहे. साडी मुक्ताकडे आहे.