शिवाबुवाच्या मागची झांज

...तो पंखा जरा बारीक कर, मनू, मला माझाच आवाज ऐकू येईना. हां, तर शिवा. आपल्या घोडपदेवच्या चाळीतला, बारा नंबरचा. गोदीत वेल्डर, पण चाळीला तो शिवाबुवा, भजनाचा. त्याची ती अक्षदा, तुझ्या कॉलेजातली, सात वर्षांची असल्यापासून बापाच्या मागे बसून झांज वाजवायची. एवढीशी पोर, पण ठेका चुकेल तर शपथ!

तेरावं वर्ष लागलं नि झांज गेली खाटेखाली. आधी सिनेमाची गाणी. शिवा म्हणाला, वय आहे, चालायचं. चौदाव्याला ते कोरियातले गाणारे गुळगुळीत पोरगे आले. त्यांचा फोटो थेट बाप्पाच्या बाजूला. शिवा उदबत्ती ओवाळताना हात आखडून धरायचा, चुकून त्यांनाही ओवाळली जाईल म्हणून. पंधराव्याला रॅप. दम न घेता नुसतं भांडण गो!

शिवा म्हणायचा, "ह्येच्यात सूर खंय आसा?"

"बाबा, शब्द ऐका ना."

सोळाव्याला कानावर हेडफोन चढले नि घरातलं बोलणंच संपलं.

शिवाला एकच घोर, आता आपल्या मागे बसणार कोण? पण तोंडाने विचारेल तर तो शिवा कसला! माझ्याकडे यायचा, "काकी, तिका सहज इचारून बघ."

माघी गणपतीला संध्याकाळी डबलबारी ठरली. समोरासमोर दोन बुवा. एकाने गाण्यात टोमणा हाणला की दुसऱ्याने गाण्यातच परतवायचा. नाही जमलं तर सगळ्या चाळीदेखत मान खाली. आणि तिच्या जागी तात्पुरता धरलेला झांजवाला सुशांत नेमका गावी गेलेला. मीच अक्षदाला म्हटलं, बस गं एक दिवस. बसली. हेडफोन गळ्यात तसेच.

समोर अँटॉप हिलचा वैभवबुवा. तरणा, पेटी कोरी करकरीत. त्याने सुरू केलं:

"शिवाबुवांची पेटी जुनी, भाता गेला फाटून,
सूर काढता काढता बुवा बसले की हो आटून!"

लोक हसले. शिवाने तोंड उघडलं नि लागला ठसका. पाणी प्यायला, खाकरला, आवाज फुटेना. सगळे सतरंजीकडे बघायला लागले. शिवाचे कान लाल. तेवढ्यात मागून झांज वाजली, छन छन छन, नि त्यावर पोरीची गाडी सुटली:

"पेटी जुनी, सुरात पक्की, भाता देतो साथ,
तुमच्या पेटीचं प्लॅस्टिक काढा, मग घाला हात!"

खरंच गं, प्लॅस्टिक तसंच होतं पेटीवर! वैभवबुवाच पोट धरून हसला, नि बसल्या जागी ओरबाडून काढायला लागला.

घरी शिवा जेवायला बसला. मग म्हणाला, "ता काय होता?"

"रॅप."

"सूर नव्हतो."

"नव्हता."

"शब्द बरे होते." हात धुतले नि म्हणतो कसा, "बघू तो डबो, कानावरचो."

झालं! आठ दिवस गोदीत जाताना हेडफोन बापाच्या कानावर, मान हलतेय, नि लेक घरभर शोधतेय.

तर उद्या कॉलेजात अक्षदाला एवढा निरोप दे. रविवारी परळला बारी आहे. बाप स्वतः विचारणार नाही. झांज त्याने चिंचेने घासून माझ्याकडे ठेवलीय, घेऊन जा म्हणावं. आणि या वेळी मागे नाही, बापाच्या बाजूला बसायचं. हे त्यानेच सांगितलंय, पण त्याचं नाव नको घेऊस हां.