यरीहोची आठवी फेरी

आमचे मामंजी स्वर्गात पोहोचले असतील, तर पहिल्याच दिवशी त्यांनी तिथल्या तटाला ओळंबा लावून बघितला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि तट अर्धा सूत जरी बाहेर असेल, तर तसं त्यांनी दारावरच्या देवदूताला तोंडावर सांगितलंही असणार. मामंजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलेले. सगळी वस्ती त्यांना मिस्तरी म्हणायची. उभ्या नगर जिल्ह्यात वाकड्या भिंतीचा एवढा राग येणारा माणूस दुसरा झाला नसेल. माणसाचा वाकडेपणा ते सहज माफ करत, "त्याला चुना कमी पडला आसंल" म्हणून सोडून देत. पण भिंत वाकडी दिसली की त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाताना लोकांच्या कोटाच्या खिशात गीतांचं पुस्तक असे, यांच्या खिशात ओळंबा. पितळेचा तो लोंबता गोळा आणि त्याची गुंडाळलेली दोरी. उपासना लांबली की हात खिशात जाई, आणि पुढं बसलेल्यांना कळे की आता मिस्तरी खिडकीची चौकट मापतायत.

मला बघायला ते वेंगुर्ल्याच्या पुढं आमच्या गावी आले, तेव्हा माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि पाहुण्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं. आईला वाटलं, मुलगी पसंत नाही. पाचवीतून शाळा सुटलेली, रंगानं सावळी, आता हे काय बोलतायत म्हणून ती पदर तोंडाला लावून बसली. बऱ्याच वेळानं मामंजी म्हणाले, "पोरगी झ्याक हाय. पर तिच्या मागचा कोपरा फुगलाय. पावसाळ्याच्या आत बघा, न्हाईतर लग्न हुईल आन घर ऱ्हानार न्हाई." बाबांनी तो कोपरा उकलला, तर आत खरंच वाळवी. त्यामुळं आमच्याकडं माझ्या लग्नापेक्षा त्या कोपऱ्याचीच गोष्ट जास्त सांगितली जाते.

लग्न होऊन मी नगरला आले ती दुष्काळात. इथं प्यायचं पाणी टँकरनं, आणि रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापली की पसरायच्या आधी भेगाळायची. सासूबाई आधीच गेलेल्या, आमचे हे दौंडला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी. घरात मी आणि मामंजी. समुद्राकाठची मुलगी मी, मला ते कोरडं आभाळ बघवत नसे. त्यात माझी बोली. पाण्याच्या रांगेत मी तोंड उघडलं की बायका हसायच्या, म्हणून मी तोंडच उघडत नसे. मामंजींना सगळं दिसत होतं. माझी पहिली फाटकी भाकरी त्यांनी दोन्ही हातांत धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाले, "भेग हाय, पर गोल हाय. गोल आला म्हंजी हात चांगला. भेगंचा दोष मालाचा." त्या एका वाक्यावर मी ते पहिलं वर्ष काढलं.

बायबलही ते गवंड्याच्या नजरेनंच वाचत. शलमोनानं मंदिर बांधलं ते अध्याय त्यांना तोंडपाठ. नहेम्यानं यरुशलेमेचा कोट उभा केला, तर नहेम्याचं नाव ते घरच्या माणसासारखं घेत. बाबेलच्या बुरुजाबद्दल मात्र त्यांचं मत पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंशी, कधी जुळलं नाही. पाळकसाहेब म्हणत, माणसाच्या गर्वामुळं काम थांबलं. मामंजी म्हणत, "गर्वाचं कशाला सांगता साहेब, दगडाच्या जागी इटा आन चुन्याच्या जागी डांबर! ते काम बंद पडनारच हुतं. देवानं वेळेत थांबवलं म्हनून मानसं वाचली." आणि यरीहोचं नाव निघालं की ते गप्प होत. सात दिवस लोक तटाभोवती फिरले, शेवटच्या दिवशी सात फेऱ्या घातल्या, रणशिंगं वाजवली, गजर केला, आणि तट जागच्या जागी कोसळला: या चमत्कारावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण त्यांना त्या तटाच्या मिस्तरीची लाज वाटे. एकदा भाकरी खाताखाता म्हणाले, "मुकादमानं चुना खाल्ला आसनार. देवाला काय, त्यानं नुसतं बोट लावलं."

आणि नेमकी ही यरीहो त्यांच्या गळ्यात पडली.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. वस्तीतली पोरं आयांबरोबर खडी फोडायला जायची, दुपारी दुष्काळी मदतीच्या सुकडीच्या रांगेत उभी राहायची. पाळकीणबाईंनी ठरवलं की या मुलांना एक तरी दिवस खेळायला मिळालाच पाहिजे. देवळाच्या आवारात मुलांसाठी बायबलचा मेळा भरवायचा. बाई पुण्याला शिकलेल्या, हौशी आणि घाईच्या. आम्हाला बोलावून त्यांनी बेत सांगितला: एका कोपऱ्यात बायबलातला राक्षसी योद्धा गल्याथ, त्याला मुलांनी गोफणीनं चिंध्यांचे चेंडू मारायचे, दुसऱ्या कोपऱ्यात नोहाचं तारू. मामंजींनी हात वर केला. "बाई, औंदा पुराचं नाव काढू नका. पोरं तारवात बसायची न्हाईत. पूर कुठं हाय इचारत्याल आन घागरी घेऊन पळत्याल." तारू रद्द झालं. गल्याथ देवळाच्या मागच्या भिंतीवर कोळशानं काढायचा ठरला, तेव्हा तो बायबलात लिहिलाय तसा सहा हात आणि एक वीतच असला पाहिजे असा मामंजींनी हट्ट धरला. आणि हात पाळकसाहेबांचा धरायचा की त्यांचा, यावर चहा गार झाला. शेवटी बाई म्हणाल्या, "मिस्तरी, मधोमध यरीहो. मुलं सात फेऱ्या घालतील, गजर करतील, आणि भिंत पडेल. भिंत तुमच्याकडे."

मामंजींनी कप खाली ठेवला. "पडेल?"

"पडलीच पाहिजे. तीच तर गंमत."

"आन गोष्ट कोन सांगनार? फेऱ्या कोन घालून घेनार?"

बाई विचारात पडल्या, तशी मामंजींनी माझ्याकडं मान केली. "आमची सूनबाई सांगल. ती घरी माझ्याशी बोलती ना, लई गोड सांगती."

घरी येताना मी सगळ्या वाटेनं रडले. म्हटलं, मामंजी, सगळी मंडळी तिथं बसणार, मी तोंड उघडलं की हसणार, आणि मी 'गजर करा' म्हटल्यावर भिंत पडली नाही, तर मला परत या गावात मान वर करता येणार नाही. मामंजी थांबले. म्हणाले, "तू गजर म्हन. भिंत पडली म्हनून समज. माझा शब्द."

शब्द देताना ते खरंच बोलले. हात त्यांचे ऐकायला तयार नव्हते, एवढंच. मदतीच्या तेलाचे रिकामे डबे देवळात साठले होते, त्यांचीच भिंत रचायची होती. कुणी दुसऱ्यानं डब्यावर डबा ठेवला असता आणि हात झटकले असते. मामंजींनी दोरी ताणली, जमीन पातळीत घेतली, आणि सांधेमोड करत, म्हणजे वरच्या डब्याची फट खालच्या फटीवर येऊ न देता, थर चढवले. प्रत्येक थराला ओळंबा. मधल्या एका डब्याच्या कडीला दोरी बांधली. गजर झाला की मागं लपून ती ओढायची. मेळ्याच्या आदल्या सकाळी मुलांना घेऊन तालीम केली. दुसऱ्याच फेरीला उन्हाळ्याची वावटळ आली आणि यरीहो, कुणी काही म्हणायच्या आत, खडखडत आडवी झाली. पोरं टाळ्या पिटत होती. मामंजी मात्र तिथंच डोकं धरून बसले. "म्हातारपनी माझ्या हातची भिंत वाऱ्यानं पाडली," एवढंच म्हणाले. त्या दुपारी ते जेवले नाहीत. उन्हं कलल्यावर घमेलं घेऊन देवळाकडं गेले आणि आले ते शीळ घालत आले. मी विचारलं, तर म्हणाले, "वाऱ्याचा बंदोबस्त केला. आता टायमातच पडंल."

मेळ्याच्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कराराचा कोश, म्हणजे गोष्टीतल्या फेऱ्यांत पुढं न्यायची देवाची पेटी, म्हणून पाळकीणबाईंच्या शिवणयंत्राचं लाकडी झाकण दोन बांबूंवर ठेवून पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. देवळामागच्या विहिरीवर तगून राहिलेल्या पपईच्या देठांच्या पिपाण्या केल्या होत्या; त्या आवाजानं म्हशी बुजल्या. मी गोष्ट सुरू केली ती पाठ करून आलेल्या शुद्ध मराठीत, आवाज एवढा बारीक की पहिल्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "पोरीला पानी द्या गं." सात फेऱ्या झाल्या. मी डोळे मिटले आणि ओरडले, "करा गजर!"

काय तो गजर! पोरांनी खडी फोडून फोडून साठलेला सगळा राग त्यात ओतला. मागून मामंजींनी दोरी ओढली. डब्याची कडी तुटून दोरीबरोबर गेली, आणि मामंजी तटामागं उताणे पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तट होता तिथंच होता. ओळंब्यात.

एक चिमुरडं पोरगं माझा पदर ओढून म्हणालं, "मावशे, पडली न्हाई की!" मागून कुणीतरी हसलं. माझ्या तोंडातून पाठ केलेलं सगळं उडालं आणि आमच्या गावचंच बाहेर आलं, "आता मी काय करू गे बाये!" आता सगळेच हसले. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

तेवढ्यात मामंजी टोपी झटकत तटामागून पुढं आले. चेहऱ्यावर लाज होती. पण खोटं कशाला बोलू, लाजेच्या खाली थोडी ऐटही होती. "पोरांनो," ते म्हणाले, "ह्यात तुमच्या वरडन्याचा दोष न्हाई, आन माझ्या सुनंचा तर न्हाईच न्हाई. काल म्या खालच्या थरात वाळू भरली. आता आठवी फेरी घालायची."

पाळकीणबाई पुटपुटल्या, "अहो मिस्तरी, बायबलात सातच फेऱ्या आहेत!"

"असत्याल बाई. यरीहोला मिस्तरी म्या न्हवतो."

मग ते गुडघ्यांवर बसले आणि खालच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडू लागले. वाळूची बारीक धार सुरू झाली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सूनबाई, पोरं चालवत ऱ्हा. घरी सांगतीस तसं सांग." वाळू सांडायला वेळ लागणार होता, आणि माझी गोष्ट तर संपली होती. आता पाठ केलेलं काही उरलंच नव्हतं, म्हणून भीतीही उरली नाही. मी कोशाच्या पुढं चालायला लागले आणि माझ्या बोलीत सांगू लागले: तटावरचे शिपाई कसे कंटाळले, एकाच्या डोळ्यांत धूळ कशी गेली, राजाची बायको वरून काय बोलली. प्रत्येक वळणाला मी विचारायची, "मगे काय झाला?" आणि पोरं पिपाण्या थांबवून ओरडायची, "मगे काय झाला?" पुढंपुढं तर बसलेल्या बायाही ओरडायला लागल्या. ती आठवी फेरी किती वळणं चालली, कुणी मोजलं नाही. मामंजी एकेक डबा रिकामा करत होते, लेकराला सुई टोचताना बाप तोंड फिरवतो तसं तोंड फिरवून. शेवटी त्यांनी दोरी एका रिकाम्या डब्याला वेढून हातात धरली आणि मान हलवली.

मी गजर म्हटलं, आणि यरीहो पडली. तेलाच्या डब्यांचा तो खडखडाट केडगावपर्यंत गेला असेल. कावळे उडाले, कुत्री पळाली, कोशाचं झाकण एका पोराच्या डोक्यावर बसलं, आणि धुरळ्यातून पोरं डब्यांवर नाचत ओरडत होती, "परत बांधा! मिस्तरीबाबा, परत बांधा!" मला वाटलं, मामंजी आता घरी जाऊन पडतील. त्यांनी कोट काढून माझ्याकडं दिला. बांधली, पडली, पुन्हा बांधली, पुन्हा पडली. दिवस मावळायला आला तेव्हा ते ओळंब्याशिवाय डबे रचत होते आणि पाडताना पोरांच्या बरोबरीनं खांदा लावत होते. जाताना मला फक्त एवढंच म्हणाले, "पडली तरी रांगंत पडती, बघितलंस का?"

त्या दिवसापासून मी वस्तीची 'मगे मावशी' झाले. पाण्याच्या रांगेत बायका मला बोलायला लावू लागल्या, हसायच्या तशाच हसायच्या, पण आता मला जागा करून. पुढं कितीतरी वर्षं रविवारी मुलांना गोष्टी सांगायचं काम माझ्याकडंच होतं.

मामंजी थकले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज थोडं चालवायला सांगितलं होतं. संध्याकाळी ते माझ्या हाताला धरून देवळाला फेऱ्या घालायचे. सात झाल्या की मी ओट्याकडं वळायची, आणि ते हात ओढून म्हणायचे, "अजून एक."

"मामंजी, बायबलात सातच आहेत."

"असू दे. तिथं म्या न्हवतो."

मग आम्ही आठवी घालायचो. अगदी शेवटी शेवटी एक दिवस असा आला की दुसरीलाच त्यांचे पाय थांबले. कोळशाचा गल्याथ होता त्या भिंतीला त्यांनी हात टेकला. जुन्या सवयीनं तळवा वरून खाली फिरवून बघितला. मला त्यांना अजून चालवायचं होतं. म्हटलं, मामंजी, अजून एक. ते माझ्याकडं बघून हसले.

"न्हाई पोरी. वाळू सांडली सगळी. आता तू गजर कर."

मी गजर केला नाही. त्यांना ओट्यावर टेकवून बसवलं, पाठ सरळ राहील अशी, आणि अंधार पडेपर्यंत शेजारी बसून सांगत राहिले: तटावरचे शिपाई कसे कंटाळले, एकाच्या डोळ्यांत धूळ कशी गेली. मी जराशी थांबले की ते डोळे न उघडता विचारत होते, "मगे काय झाला?"