फॉरमॅट करण्याआधी

"गायकवाड, सगळे कॉम्प्युटर फॉरमॅट करा. आत्ता. हिला तर मी आजच घरी पाठवतोय."

नागापूरच्या त्या कारखान्यात पाऊल ठेवताच वर्क्स मॅनेजरसाहेब माझ्यावर कडाडले. 'ही' म्हणजे शोभा, ऑफिसातली ऑपरेटर. तिसगावची, प्रोबेशनवर, पुढच्याच आठवड्यात कायम व्हायची होती. भिंतीला टेकून उभी होती. डोळे लाल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट माझ्याकडे होतं. इथे ई-मेल एकाच मशीनवर यायचा. शोभा रोज सकाळी मोडेम लावायची, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून मेल उतरवून घ्यायची, आणि प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब कॉम्प्युटरला हात लावत नसत. प्रिंटवर शेरा मारायचे, कागद पुढे जायचा.

त्या सकाळच्या प्रिंटमध्ये एक इशारा होता. 'शुभेच्छा' असा विषय असलेला मेल उघडाल तर हार्ड डिस्क साफ होईल, यावर उपाय नाही, सर्वांना ताबडतोब कळवा. साहेबांनी सवयीने शेरा मारला, 'सर्व कस्टमरना पाठवा.' शोभाने पाठवलाही. मग साहेबांना आठवलं, असाच शुभेच्छांचा मेल हिने परवा उघडला होता.

"मशीन चालतंय का?" मी विचारलं.

"चालतंय की सर. समद्या फायली उघडत्यात," शोभा म्हणाली.

"आज चालतंय, उद्या बसेल," साहेब म्हणाले.

मी प्रिंट वाचला. हसू आलं, ते दाबलं. व्हायरस हा प्रोग्रॅम असतो, तो कुणीतरी चालवावा लागतो. आमच्याकडे तेव्हा येणारे मेल म्हणजे नुसती अक्षरं. पोस्टकार्ड वाचल्याने घराला आग लागत नाही. मेलला फाइल जोडलेली असली तर भीती खरी, पण परवाच्या मेलला काहीच जोडलेलं नव्हतं. शिवाय इशाऱ्यात एका मोठ्या कंपनीचं नाव होतं, पण तारीख नाही, चौकशीला फोन नंबर नाही. खरा इशारा काय करायचं ते सांगतो. हा फक्त घाबरवत होता आणि पुढे पाठवा म्हणत होता.

"साहेब, फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं. व्हायरस जे करेल म्हणताय, तेच मी बिल लावून करू?"

"मला रिस्क नको."

आता मला राग आला. डिस्क कोरी झाली असती तर हिशोब शोभाच्या व्हायरसने खाल्ले असंच सगळे म्हणाले असते. मग तिची बाजू दाखवायला काहीच उरलं नसतं.

मी अँटिव्हायरसची फ्लॉपी चालवली. काही सापडलं नाही. मग शोभाला तोच मेल पुन्हा उघडायला सांगितला. शेजारच्या टेबलावरचे अकाउंटंट हळूच बाहेर सटकले. शोभाने मेल उघडला. दोन ओळी शुभेच्छा, खाली नाव. बस्स.

"चार दिवसांनी चढत असेल," साहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे एक कस्टमर. आवाज इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला. "तुमचा मेल आल्यापासून आमचे सगळे कॉम्प्युटर बंद ठेवलेत. तुम्हाला द्यायची ऑर्डर अडकलीय. चालू कधी करायचे, तेवढं सांगा!"

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "काय सांगू?"

"खोटा इशारा होता म्हणून सांगा."

मग सर्व कस्टमरना खुलासा पाठवायचं ठरलं. शोभा टाइप करायला बसली. साहेब सांगू लागले, "आमच्या ऑपरेटरच्या चुकीमुळे..."

शोभाची बोटं थांबली. "साहेब, चूक माझी न्हाई. हे मी न्हाई टाइप करनार. काढायचं तर काढा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "गायकवाड, तुम्ही करता का?"

"टायपिंग माझ्या कंत्राटात नाही," मी म्हणालो.

साहेबांची नजर प्रिंटवरच्या स्वतःच्या शेऱ्यावर गेली. मग साहेबांनी खालच्या आवाजात पुन्हा सुरुवात केली, "माझ्याकडून चुकीने..." शोभाने ते टाइप केलं आणि पाठवलं.

पुढच्या आठवड्यात ती कायम झाली. मी मात्र एक धडा घेतला. व्हायरसची तक्रार आली की मशीन उघडण्याआधी मी विचारतो, ठपका कुणावर ठेवायचं ठरलंय?