कोलकात्याचा कप

सटवाजी खेळतो म्हणजे नेमकं काय करतो, हे पुसेगावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. पद्माबाईलाही नाही. लग्नाआधीच तो पुण्याला एका गोल्फ क्लबात गवत कापायला लागला होता. पुढं मोठ्या लोकांच्या पिशव्या वाहू लागला आणि त्यांनी टाकून दिलेल्या एका काठीवर, सकाळी मैदान मोकळं असताना, आपला आपण खेळायला शिकला. तिशीच्या आत तो नावाजलेला खेळाडू झाला. दहा वर्षांत अकरा स्पर्धा त्यानं मारल्या. पिशव्या वाहणारी माणसं त्याला उस्ताद म्हणायची. पद्माबाई मात्र गावातच राहिली. सासू अंथरुणाला खिळलेली, आणि लेक निलम इथल्याच शाळेत.

पंधरा वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, अकरा वर्षांच्या निलमला शेतात पान लागलं, साप चावला. हिंगोलीचा दवाखाना यायच्या आतच, जीपमध्ये, आईच्या मांडीवर तिनं मान टाकली.

सटवाजी तेव्हा कोलकात्यात होता. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी स्पर्धा. चार दिवसांचा खेळ, तीन दिवस सरलेले आणि तो सगळ्यांच्या पुढं. धाकटा दीर उकंडराव फोन लावायला गेला, तर पद्माबाईनं त्याचा हात धरला.

"भाऊजी, आज नका सांगू."

"वहिनी, बाप हाय त्यो."

"आत्ता निघाले तरी मातीला पोचत न्हाईत. उद्याचा खेळ होऊ द्या. मग मीच सांगते."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फोन वाजला. घरात बायका बसलेल्या होत्या.

"पद्मा, जिंकलो," सटवाजी म्हणाला. त्याच्यामागं टाळ्या ऐकू येत होत्या. "निलमला दे बरं फोन."

तिनं सांगितलं. काय शब्द वापरले, ते तिला आजही आठवत नाही.

तो आला, ओट्यावर बसला. एवढंच म्हणाला, "त्याच दिवशी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी खेळ टाकून निघाला असता."

"व्हय. निघालो असतो."

त्यानंतर तो सहा वर्षं खेळला, पण एकही स्पर्धा जिंकला नाही. लांबचे फटके पहिल्यासारखेच जायचे. होलपासून दोन हातांवर चेंडू आला की मात्र त्याचे हात थरथरायचे. डॉक्टरला काही सापडलं नाही. शेवटी तो गावी परतला आणि शेती पाहू लागला. बायकोला तो कधी वाकडा शब्द बोलला नाही. तिला त्याचीच जास्त तकलीफ व्हायची.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक वार्ताहर मुलगी आली. जुन्या खेळाडूंवर लिहीत होती. तिनं विचारलं, "काका, कोलकात्याचा तो शेवटचा दिवस कसा होता?"

सटवाजी उठला आणि गोठ्याकडं निघून गेला. पद्माबाईनं मुलीला चहा दिला, वाटेला लावलं आणि त्याच्यामागं गेली. तो म्हशीला कडबा टाकत होता.

"माझं चुकलं का?" तिनं विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

त्याचा हात थांबला.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "त्या दिवशी मी लई खुशीत होतो, पद्मा. लेकरू मातीत, अन् मी हसत होतो. तेवढंच जात न्हाई बघ."

तिनं पेंढी सोडली आणि त्याच्या शेजारी उभी राहून कडबा टाकू लागली.