गोंगाटाचा आडोसा

“नवी गाडी घेतली नसती, तर ह्यांना ऐकू येत नाही हे मला कधी कळलं असतं का?”

हा प्रश्न एका पिकअपचालकाच्या बायकोने चादरीच्या घड्या घालता घालता, हातातले काम न थांबवता विचारला होता. तो प्रश्न कसा तयार झाला, एवढे प्रस्तुत लेखकाला सांगता येते.

एका मोठ्या रुग्णालयाचे कपडे शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लॉन्ड्रीत धुवायला येत. ते नेण्या-आणण्याचे काम या चालकाकडे होते आणि त्यासाठी त्याची स्वतःची डिझेल पिकअप होती. धुतलेली गाठोडी सकाळी रुग्णालयाच्या तळघरातल्या, माल चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या धक्क्यावर उतरवायची, मळलेली भरून परत यायचे, आणि दुपारी पुन्हा तेच. एकोणीस वर्षे हा क्रम चालू होता. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर गाडीवर असे. गाठोडी चढवणे-उतरवणे आणि गाडी मागे घेताना पाठीमागे उभे राहून दिशा दाखवणे हे मेहुण्याचे काम. बायको त्याच लॉन्ड्रीत घड्यांच्या टेबलावर होती. सारे कुटुंबच असे यंत्रांच्या आवाजात वावरत होते. कपडे पिळणारी पिंपे आणि सुकवणारी यंत्रे चालू असताना तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागे, आणि ती सवय सगळेजण घरी घेऊन जात.

लॉन्ड्रीत त्याला ‘होहो’ म्हणत. कोणी काहीही सांगितले, की तो मान डोलावून “हो, हो” म्हणे. उद्या लवकर ये, हो हो. तिसऱ्या मजल्याचे गाठोडे वेगळे ठेव, हो हो. भांडकुदळ चालकांच्या त्या व्यवसायात असा माणूस विरळा, त्यामुळे लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंचा त्याच्यावर विशेष लोभ होता. त्याच्या बाबतीत दुसरी ख्याती गॅरेजवाल्याने पसरवली होती. “ह्याला इंजिनाचा कान आहे,” तो गिऱ्हाइकांना सांगे. “आम्ही बॉनेट उघडून बघतो, हा बसल्या जागी सांगतो.” हे खरे होते आणि नव्हतेही. इंजिनात काही बिघडले की त्याला ते सर्वांआधी कळे, पण ते कळे गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या तळव्याला, सीटवर टेकलेल्या पाठीला आणि पत्र्यावर ठेवलेल्या टाचांना. कानाचा त्यात काही वाटा उरला नव्हता.

हे त्याला स्वतःला कळले तो प्रसंग क्षुल्लक आहे. इंडिकेटरची टिकटिक बंद पडली म्हणून त्याने गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने इंडिकेटर लावला, खाली वाकला आणि हसला. “अरे, टिकटिकतोय की घड्याळासारखा! सकाळी सकाळी चेष्टा करतोस काय?” तोही हसला, हो हो म्हणाला आणि गाडी घेऊन बाहेर पडला. नंतर रस्त्याच्या कडेला थांबून तो लुकलुकणाऱ्या हिरव्या बाणाकडे बराच वेळ पाहत बसला. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षे त्याने ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. ओठ वाचायला तो आपोआप शिकला. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासणारा डॉक्टर समोर बसून प्रश्न विचारी, त्यामुळे तिथेही निभावले. बाकी सगळे डिझेलने निभावून नेले. चालत्या इंजिनाशेजारी कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि न ऐकण्यात तो इतरांच्या बरोबरीचा होता.

गाडी मागे घेण्याची पद्धतही गोंगाटातूनच घडलेली होती. मेहुणा पिकअपच्या बाजूच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारी. एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे थांबा. पत्रा दणाणे आणि ती थाप चालकाच्या पाठीत पोहोचे. या व्यवस्थेत एकोणीस वर्षांत धक्क्याच्या कडेचा टवकासुद्धा उडाला नाही.

२०१८ च्या अखेरीस रुग्णालयाचे पत्र आले. तळघरातला धूर हवा खेळवणाऱ्या नळ्यांमधून वरच्या मजल्यांवर जातो, म्हणून नव्या वर्षापासून तिथे फक्त इलेक्ट्रिक वाहनांना प्रवेश मिळेल. पत्रातले कारण रास्त होते आणि ते रास्त आहे हे त्यालाही मान्य होते. मात्र घरात त्या पत्रावरून जी चर्चा झाली, तिच्यात तो वेगळेच मुद्दे काढत राहिला. ओल्या गाठोड्यांचे वजन इलेक्ट्रिक गाडीला झेपणार नाही. चार्जिंग अर्ध्या वाटेत संपेल. बॅटरी गेली तर गॅरेजवाला काय करणार, तिच्यापुढे हात जोडणार?

“भावोजी, तुम्ही त्या म्हातारीच्या प्रेमात पडलाय,” मेहुणा जेवता जेवता म्हणाला. “नवी गाडी फोनसारखी आहे. घरी आलात की वायर लावायची, सकाळी निघायचं. तेल बघायला नको, धूर नको, कटकट नको.”

“आणि बंद पडली तर?”

“तर तुम्ही आहात ना कान लावून सांगायला!”

सगळे हसले. “ताई, ह्यांना सांग, आता गाडीत गप्पा मारता येतील,” मेहुणा पुढे म्हणाला. “इतकी वर्षं शेजारी बसतोय, पण एक धड वाक्य बोलणं झालेलं नाही आमचं.”

“तुझी बडबड ऐकण्यापेक्षा इंजिन बरं,” बायको म्हणाली.

त्याने आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे पाहिले आणि तो हो हो म्हणाला. खरे कारण त्याला सांगता येत नव्हते. नवी गाडी चालवून बघायला तो गेला होता, तेव्हा बटण दाबल्यावर ती चालू झाली की नाही हे त्याला कळलेच नव्हते. तळव्याखाली काही नव्हते, पाठीत काही नव्हते. हातपाय बधिर झाल्यासारखे वाटून तो दोन मिनिटांतच खाली उतरला होता. पण काम सोडले तर परवान्याशिवाय दुसरी विद्या त्याच्यापाशी नव्हती, आणि सांगितले तर परवानाच राहिला नसता. जानेवारीत डिझेल पिकअप भाजीवाहतूक करणाऱ्या एकाला विकून त्याने इलेक्ट्रिक पिकअप घेतली.

पहिले काही आठवडे मेहुणा सवयीने थाप मारत राहिला. नव्या गाडीचा मागचा हौदा जाड फायबरचा होता. थापेची थरथर त्यातच जिरून जाई, पाठीपर्यंत पोहोचत नसे. तरीही आरशात हात दिसे आणि तेवढ्यावर भागे. मग एक दिवस रुग्णालयाच्या मेट्रनबाई जिना उतरून आल्या. पूर्वी इंजिनाच्या आवाजात बुडून जाणारी ती थाप आता शांत तळघरात घुमत होती. “हे रुग्णालय आहे,” त्या म्हणाल्या. “गाडीला आवाज नाही, तर तुम्ही कशाला ढोल बडवताय?” मेहुणा ओशाळला. त्या गेल्यावर तो चालकाच्या खिडकीशी आला.

“बाईंचं बरोबर आहे, भावोजी. आता कशाला बडवायचं? मी तोंडानेच सांगत जाईन. या म्हटलं की या, थांबा म्हटलं की थांबा. हळू बोललं तरी ऐकू येईल आता. काय?”

या कहाणीत खुलासा करण्याची एक नेमकी वेळ होती, आणि ती ही. मेहुणा समोर उभा होता, त्याचे ओठ स्पष्ट दिसत होते आणि त्याने प्रश्नच विचारला होता. चालक म्हणाला, “हो, हो.”

त्यानंतर नऊ महिने तो आरशांच्या भरवशावर गाडी मागे घेत राहिला. वाटेत मेहुणा गप्पा मारू लागला, की तो रस्त्यावरची नजर न काढता हो हो म्हणे. समोर मागचे दृश्य दाखवणारा लहान पडदा होता खरा, पण लॉन्ड्रीच्या वाफेने आणि कपड्यांच्या तंतूंनी कॅमेऱ्याची काच दिवसातून दोनदा धूसर होई. नोव्हेंबरातल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, ती तशीच धूसर होती. धक्क्यावरून मळक्या कपड्यांचे एक गाठोडे घसरून गाडीच्या वाटेत पडले. ते ओढायला मेहुणा खाली उतरला आणि वाकला. तो आरशातून दिसेनासा झाला. तो “थांबा” म्हणाला, आधी नेहमीच्या आवाजात आणि मग ओरडून. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ते ओरडणे साठ पावलांवर ऐकू गेले. पहारेकरी हातवारे करत धावत आला, तेव्हा चालकाने ब्रेक दाबला. मेहुण्याचा डावा पाय धक्क्याच्या कडेला चिरडला होता. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी रुग्णालयातच झाली. सुरक्षा अधिकाऱ्याने आधी मेहुण्याचा जबाब खाटेपाशी बसून घेतला. “मी आवाजच दिला नाही,” मेहुण्याने सांगितले. “भावोजींची काही चूक नाही. मी न सांगता वाकलो.” हे धादांत खोटे होते. बहिणीचा संसार त्या गाडीवर चालतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून भरपाईवर पाणी सोडून त्याने दोष स्वतःच्या माथी घेतला होता. नंतर लहानशा कार्यालयात पहारेकरी, मालकीणबाई आणि चालक यांना बोलावले. पहारेकऱ्याने ऐकले होते तसे सांगितले. अधिकारी ते लिहून घेत होता. लिहिता लिहिता, कागदावरची नजर न उचलता, त्याने चालकाला विचारले, “तो ओरडला ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?”

चालकाला अधिकाऱ्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता. मालकीणबाई आपल्याकडे पाहताहेत, म्हणजे काहीतरी विचारले गेले आहे, एवढे त्याला समजले.

“हो, हो,” तो म्हणाला.

ते लिहिले गेले. खाली त्याची सही घेतली गेली.

ओरडणे ऐकूनही गाडी थांबवली नाही, असा त्या कागदाचा अर्थ होत होता. तो अर्थ दोन दिवसांत लॉन्ड्रीत पोहोचला आणि घड्यांच्या टेबलावरून घरी. बायकोने त्याच्यासमोर उभे राहून विचारले, “तुम्ही ऐकलं होतंत?” तेव्हा तो म्हणाला, “मला त्या साहेबांचा प्रश्नच ऐकू आला नाही.” मग म्हणाला, “मला काहीच ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली.” ती त्याच्या मागे गेली आणि त्याला हाक मारली. आणखी एकदा मारली. तो समोरच्या भिंतीकडे पाहत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन रुग्णालयात गेला. मेहुण्यापर्यंत कागदाची बातमी पोहोचलेली होती. त्याने भावोजींना बसायला सांगितले नाही.

“मी तुमच्यासाठी खोटं बोललो,” तो म्हणाला, “आणि तुम्ही म्हणे ऐकलं होतं!”

“नाही ऐकलं. मला ऐकू येत नाही.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं होतील आता.”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले. तिने मान हलवली, म्हणजे तिलाही कालच कळले होते. सत्य सांगितल्यावर सुटका होईल अशी अंधूक आशा चालकाला असावी. प्रत्यक्षात कागदावरच्या त्या खोट्या जबाबापेक्षा हे सत्य अधिक वाईट ठरले.

“त्या दिवशी घाबरून तुमचा पाय चुकीच्या ठिकाणी पडला असता, तर मी विसरलो असतो,” मेहुणा म्हणाला. “पण मी रोज तुमच्या गाडीमागे उभा राहत होतो, भावोजी. नऊ महिने. दिवसातून चार वेळा. तोंडाने सांगतो म्हटलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात.”

एवढे बोलून त्याने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून तो बराच वेळ बोलत राहिला. चालकाला त्याची हलणारी पाठ दिसत होती. शेजारी उभी असलेली बायको सगळे ऐकत होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याने तिला विचारले, “काय म्हणाला?” तिने ते सांगितले नाही. पुढेही कधी सांगितले नाही.

जबाब दुरुस्त करून घेण्यासाठी त्याला कानांची तपासणी करून घ्यावी लागली, आणि त्या अहवालावरून २०२० च्या फेब्रुवारीत परिवहन कार्यालयाने त्याचा परवाना रद्द केला. गाडी मालकीणबाईंनी विकत घेतली. त्याला लॉन्ड्रीत गाठोडी मोजण्याचे काम मिळाले. तिथे सगळे त्याच्याशी अजून ओरडूनच बोलतात, पण आता ते त्याच्या तोंडासमोर येऊन बोलतात, आणि तो हो हो म्हणत नाही. ‘होहो’ हे नावही मागे पडले आहे. बायको त्याच खोलीत, दहा हातांवर काम करते. घरी दोघांत आवश्यक तेवढे बोलणे होते.

मेहुणा २०२३ च्या जूनमध्ये कुटुंबासह दुसऱ्या शहरात राहायला गेला.