भवानीआधीचा आवळा

कोप्पीकर रोडवर माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून नागोजीअण्णांचं साड्यांचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला तोड नाही. सकाळची भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा वडिलांचा नेम त्यांनी सोडलेला नाही. वडिलांच्या काळी शटर वर जायच्या आधीच गिऱ्हाईक पायरीवर उभं असायचं. आता लोक मोबाईलवर साड्या मागवतात आणि अण्णा दुपारपर्यंत उपाशी, रस्त्याकडे डोळे लावून तळमळत बसतात.

व्हायचं तेच झालं. चक्कर येऊ लागली. डॉक्टर रेखाबाईंनी नीट समजावलं, "सततच्या काळजीनं कॉर्टिसॉल चढलेलं राहतं. मग पेशींना इजा करणारे कण वाढतात आणि त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट कमी पडतात. आधी काळजी कमी करा, वेळेवर खा."

अण्णा पडले व्यापारी. माल कमी पडतोय ना, मग भरा! आवळे, डाळिंब, बीट, रोज डबा गच्च भरून दुकानात येऊ लागला. पण भवानी नाही तर डबाही उघडायचा नाही. आता हसावं की रडावं? चक्कर तशीच, वर घरी सुमनवहिनींची झोप उडाली.

परवा सकाळी वहिनी दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकासारख्या गादीसमोर बसल्या.

"साडी दाखवा."

"घरच्यांची भवानी धरत नाहीत. तुला माहीत हाय की."

"पैसे माझे हाईत. पांढरी दाखवा, बिनकाठाची."

कपाटाकडे गेलेला अण्णांचा हात तिथंच थांबला. "पांढरी? ती कशाला?"

"तुम्ही असंच चालवलं तर मला लागणारच की. घरच्याच दुकानातली बरी पडंल."

मी दारात उभा होतो. वहिनींचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "मला तुमची भवानी नको, अहो. तुम्ही पाहिजे."

अण्णा कपाटापासून मागं फिरले. त्यांनी डबा ओढला आणि आवळ्याची फोड तोंडात टाकली. तेवढ्यात एक बाई पायरी चढून आत आली, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक.

अण्णा भरल्या तोंडानं अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणाले, "कूडरी अक्का, बसा जरा. आधी खाऊन घेतो."